पितळी नळ्यांची तोंडं साफ करणारं तीन स्पिंडलचं यंत्र घरी कसं बांधावं

लाकडी पेन बनवायला लागले त्या पहिल्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याची कातडी कायम सोललेली असायची. पेनच्या लाकडाला आरपार भोक पाडून त्यात पितळेची नळी इपॉक्सीनं चिकटवावी लागते. नळी कापली की तोंडाशी बर (कापताना उठलेली धारदार कड) येतो, आतही आणि बाहेरही. तो हातानं काढायचा, आतून ब्रश फिरवायचा, बाहेरून खरवडायचं. एका पेनाला दोन नळ्या लागतात, म्हणजे चार तोंडं. तीस पेनांची ऑर्डर आली तेव्हा एकशे वीस तोंडं हातानं साफ केली आणि दुसऱ्या दिवशी पोळी लाटताना बोटं मिटेनात. त्यानंतर हे यंत्र बांधलं. पहिलं चुकलं, दुसरं दोन वर्षं रोज चालतंय. गिरगावातल्या चाळीतल्या दीड खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी ते बसतं. तुम्ही पेनं करत असाल, विंड चाइम करत असाल किंवा छोट्या नळ्यांचं दुसरं काही काम करत असाल, तर माझे वाया गेलेले रविवार तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट. या यंत्राची कल्पना नेमबाजांकडून आली आहे. अमेरिकेत हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतात आणि त्याआधी त्यांची तोंडं अशाच मोटरच्या यंत्रावर साफ करतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे हे यंत्र साध्या नळ्यांसाठीच बांधायचं. भंगारात रिकामी पुंगळी दिसली, तरी हौस म्हणून उचलून आणू नका.

१. आधी काम समजून घ्या

पेनाची नेहमीची नळी बाहेरून ७ मिमी असते आणि पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तिच्यावर तीन कामं करायची असतात: आतल्या कडेचा बर काढणं, बाहेरची कड मऊ करून अंग खरखरीत करणं (गुळगुळीत पितळेला इपॉक्सी धरत नाही) आणि आतून ब्रश मारणं. आतला बर राहिला तर पेनाची टोपी दाबून बसवताना तिरकी जाते आणि बाहेरचं लाकूड उभं तडकतं. शिसवीचा एक तयार पेन माझ्या हातात असा तडकला होता. तो आवाज अजून आठवतो.

तीन कामं, म्हणून तीन स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारे दांडे. प्रत्येकावर एकेक हत्यार कायमचं लावलेलं, नळी हातात, आणि डावीकडून उजवीकडे एकेका हत्यारावर टेकवत जायचं. हत्यार बदलण्यात वेळ जात नाही, हीच या यंत्राची सगळी कमाई.

२. सामान

मोटर आणि वीज:
– १२ व्होल्टची जॉन्सन गिअर मोटर, ३०० आरपीएम, ६ मिमी शाफ्ट, सोबत तिचा एल-आकाराचा ब्रॅकेट
– १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा डबा)
– पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर, नॉबवाला
– ५ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, एक मोठा टॉगल स्विच, तीन पिनांची तीन तारांची केबल

फिरणारे भाग:
– केपी०८ बेअरिंग ब्लॉक (स्पिंडल पाटावर फिरता धरणारे ठोकळे), सहा
– ८ मिमी ब्राइट बार (साधी गुळगुळीत पोलादी सळई, हिचेच स्पिंडल होतात): १२० मिमीचे दोन तुकडे, १४० मिमीचा एक
– जीटी२ पुली (दातेरी पट्ट्याची), २० दात, ८ मिमी भोक, चार
– जीटी२ बंद पट्टा, २०० मिमी, दोन
– ६ ते ८ मिमी लवचिक कपलर (मोटरचा शाफ्ट स्पिंडलला जोडणारा), एक
– ईआर११ कोलेट होल्डर, ८ मिमी भोकाचा, तीन (कोलेट म्हणजे हत्याराचा दांडा आवळून धरणारी चिमटी). कोलेट ६ मिमीचे दोन आणि ३ मिमीचा एक

हत्यारं:
– ९० अंशांचं काउंटरसिंक (भोकाची आतली कड तिरकी कापणारं शंकूसारखं हत्यार), डोकं ८.३ किंवा १०.४ मिमी, दांडा ६ मिमी
– ६ मिमी दांड्याचं छोटं फ्लॅप व्हील (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांचं चाक), बारीक दाण्याचं
– नळीच्या मापाचा नायलॉन ब्रश, ३ मिमी दांड्याचा

पाट: १८ मिमी प्लाय, साधारण ३०० बाय २५० मिमी, खाली लावायला रबर. जवळ ड्रिल मशीन, गुण्या, एलन कीचा सेट, कानस, हॅक्सॉ, सेंटर पंच आणि मल्टिमीटर असावा. मल्टिमीटर नसेल तर घ्याच, पुढे त्याचं मोठं काम आहे.

मला सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास पडलं. त्यात पहिल्या यंत्राची फुकट गेलेली मोटर धरलेली नाही.

३. खरेदी

मोटर, एसएमपीएस, कंट्रोलर, पुल्या, पट्टे, केपी०८ हे सगळं लॅमिंग्टन रोडवर मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जा. दुकानात "थ्री-डी प्रिंटरची पुली" म्हटलंत की लगेच समोर येते. काउंटरसिंक, कोलेट आणि ब्राइट बारसाठी नागदेवी स्ट्रीट. वायर आणि स्विच लोहार चाळीत. पितळेच्या नळ्या गुलालवाडीत वजनावर मिळतात. रविवारी यातली बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी सकाळी निघा आणि माप घेतलेली नळी सोबत ठेवा. तोंडी सांगितलेलं माप आणि दुकानदारानं समजून घेतलेलं माप यांत हमखास फरक पडतो.

इथले तीन सापळे. पहिला: स्पिंडलसाठी थ्री-डी प्रिंटरचा चकचकीत रॉड घेऊ नका. तो वरून कडक केलेला असतो, हॅक्सॉचं पातं त्याच्यावर नुसतं घसरतं आणि ग्रब स्क्रूही (पुली दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) त्याला धरत नाही. साधा ब्राइट बार घ्या. दुसरा: ईआर११ कोलेट ७ मिमीपर्यंतच पकडतो. ८ मिमी दांड्याचं मोठं काउंटरसिंक त्यात बसणार नाही. तिसरा: कोलेट होल्डर विकत घेताना दुकानातच ब्राइट बारच्या तुकड्यावर चढवून बोटांनी फिरवून बघा. टोक डोळ्यांना डुलताना दिसलं तर दुसरा मागा. मी लाजून तसाच आणला आणि घरी येऊन पस्तावले.

जुन्या बाजारातली वायपर मोटर स्वस्त पडते म्हणून पहिल्या वेळी तीच आणली होती. ताकद भरपूर, पण फिरते मिनिटाला पन्नास-साठ फेरे. ब्रश आत घालून उभं राहावं लागायचं. उलट ड्रिल मशीन बांधून ठेवलं तर ते इतक्या वेगात फिरतं की काउंटरसिंक पितळेवर थरथरतं आणि कडेवर लाटा उठतात. ३०० फेरे आणि वेग कमी-जास्त करायची सोय, हे माप जमलं.

४. पाट आणि स्पिंडल

माझे सासरे अण्णा परळच्या गिरणीत फिटर होते. मी प्लायवर पेन्सिलनं रेघा मारत होते तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "सूनबाई, मोटर आधी बसव. बाकीचं तिच्या उंचीला आणायचं." हे मला सुचलंच नव्हतं. केपी०८ च्या भोकाचं केंद्र पाटापासून १५ मिमीवर असतं, मोटरचा शाफ्ट त्याहून उंच. म्हणून क्रम असा:

अ. मोटर ब्रॅकेटवर बसवून पाटाच्या मागच्या बाजूला, मध्यावर ठेवा. शाफ्टच्या केंद्राची उंची मोजा.

आ. त्यातून १५ वजा करा. तेवढ्या जाडीच्या प्लायच्या दोन पट्ट्या केपी०८ खाली लागतील. थोडा फरक राहिला तर पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घाला. हत्यारं पाटापासून वर उचलली जातात, त्यामुळे हातालाही जागा मिळते.

इ. मधला स्पिंडल मोटरच्या सरळ रेषेत आखा. त्याच्या दोन्ही बाजूंना ८० मिमीवर बाकीचे दोन. हे माप पट्ट्यावरून येतं. २० दातांच्या पुलीचा घेर ४० मिमी. २०० मिमीच्या पट्ट्यातून ४० वजा केले आणि निम्मं केलं की ८०. दुसऱ्या लांबीचा पट्टा मिळाला तर याच हिशेबानं अंतर काढा.

ई. प्रत्येक स्पिंडलला दोन बेअरिंग, त्यांच्या केंद्रांत ६० मिमी अंतर. पुढचं बेअरिंग पाटाच्या अगदी कडेला घ्या, म्हणजे हत्यार पाटाबाहेर राहतं आणि नळी धरलेली मूठ पाटाला घासत नाही.

उ. बाजूच्या स्पिंडलच्या बेअरिंगची भोकं आडवी थोडी लांबट करा. पट्टा ताणायला तीच उपयोगी पडतात.

ब्राइट बार कापल्यावर टोकांना कानस मारा, नाहीतर बेअरिंगमध्ये जाताना आतून ओरखडे पडतात. पुली, कपलर आणि कोलेट होल्डर यांचे ग्रब स्क्रू जिथे येणार, तिथे बारवर कानशीनं छोटा सपाट भाग करा. हे टाळलंत तर आठवड्याभरात पुली बारवर नुसती गरगर फिरू लागेल.

मधल्या स्पिंडलवर दोन पुल्या, बाजूच्यांवर एकेक. एक पट्टा डावीकडे, एक उजवीकडे. दोन पुल्या एकाच रेषेत आहेत की नाहीत हे बघायला स्टीलची पट्टी त्यांच्या चेहऱ्यांवर टेकवा. फट दिसली तर सरकवा. मध्ये बोटानं दाबल्यावर पट्टा दोन-तीन मिलिमीटर दबावा. वीणेच्या तारेसारखा ताणू नका, बेअरिंग गरम होतात.

५. वीज लावायच्या आधी हातानं फिरवा

कपलर मोटरला न जोडता मधला स्पिंडल चिमटीत धरून फिरवा. तिन्ही स्पिंडल लोण्यासारखे फिरायला हवेत. माझा उजवा स्पिंडल प्रत्येक फेऱ्यात एकदा अडायचा. अण्णांनी बोट टेकवून सांगितलं, मागचं बेअरिंग तिरकं आवळलंय. चारही बोल्ट सैल केले, स्पिंडल फिरवत-फिरवत एकेक बोल्ट थोडा-थोडा आवळला आणि अडकणं गेलं. या कामाला मला तासभर लागला. यंत्राचं पुढचं सगळं वागणं या तासावर ठरतं, म्हणून घाई करू नका. मोटर जोडल्यावर हा दोष कळत नाही. ती ताकदीनं फिरवत राहते, आणि महिन्याभरात तिचे गिअर जातात. माझी पहिली मोटर तशीच गेली.

आता कपलर जोडा. मोटरचा शाफ्ट आणि स्पिंडल समोरासमोर नीट आले असतील तर कपलर फिरताना वाकडा होताना दिसणार नाही. दिसला तर मोटरखाली पुठ्ठा घालून उंची जुळवा.

६. वायरिंग

क्रम सोपा आहे: भिंतीचा प्लग, एसएमपीएस, फ्यूज, टॉगल स्विच, पीडब्ल्यूएम कंट्रोलर, मोटर. स्विच उजव्या हाताच्या कोपराला सापडेल असा पाटाच्या कडेला लावा, दोन्ही हात गुंतलेले असताना तो बंद करता आला पाहिजे.

बऱ्याच एसएमपीएसवर ११० आणि २२० चा एक छोटा स्विच असतो, जाळीच्या आत लपलेला. तो ११० वर असेल आणि तुम्ही प्लग लावलात तर एक फट्कन आवाज येईल आणि खेळ संपेल. प्लग लावण्याआधी तो २२० वर आहे हे बघा.

एसएमपीएसचा डबा धातूचा असतो, त्याला अर्थ (अर्थिंगची तार) जोडणं सक्तीचं समजा. आणि इथे आपल्या जुन्या चाळींचा प्रश्न येतो. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थ आहे असं नाही. आमच्या खोलीत वरच्या भोकामागे वायरच नव्हती. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. फेज-न्यूट्रलमध्ये येतो तेवढाच, २३० च्या आसपासचा आकडा यायला हवा. बराच कमी आला किंवा हलता आला, तर परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याच खेपेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. हे तपासणं जमत नसेल तर तेही वायरमनकडूनच करून घ्या. २३० व्होल्टच्या उघड्या टर्मिनलवर झाकण हवंच.

एसएमपीएस आणि कंट्रोलर पाटाच्या मागे, मधे प्लायची उभी फळी घालून बसवा. पितळेचा कीस विजेचा वाहक आहे. तो कंट्रोलरवर साचला तर शॉर्ट होणार. चुंबकानं तो गोळाही होत नाही, पितळ चुंबकाला दाद देत नाही. मऊ ब्रशनं झाडून ओल्या फडक्यानं पुसायचं, वीज बंद करून.

मोटर सुरू केल्यावर दिशा बघा. हत्यार तुमच्या समोर असताना ते घड्याळाच्या उलट फिरताना दिसलं पाहिजे, तरच काउंटरसिंकची धार कापते. उलट फिरत असेल तर नुसतं घासतं आणि तुम्हाला वाटतं हत्यारच बोथट आलं. मोटरच्या दोन तारा अदलाबदल केल्या की झालं.

७. हत्यारं चढवणं

ईआर कोलेटमध्ये नवीन माणूस एक चूक हमखास करतो: कोलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवतो. कोलेट आधी नटमध्ये तिरका दाबून 'टक्' असा बसवायचा, मग नट होल्डरवर. तसं केलं नाही तर हत्यार मध्यावर येत नाही आणि कोलेट काढताना आतच अडकतो.

डावीकडे काउंटरसिंक, मध्ये फ्लॅप व्हील, उजवीकडे ब्रश. आधी मी मधल्या जागी एसीवाल्यांचा पिंपासारखा रीमर बसवला होता, जो ते तांब्याच्या नळीचा आतला-बाहेरचा बर काढायला वापरतात. त्याच्या प्लास्टिकला भोक पाडून बोल्ट घातला. भोक केसभर बाजूला गेलं आणि तो असा डुलला की नळीचं तोंड अंडाकृती झालं. तो रीमर उत्तम हत्यार आहे, मी अजून वापरते, पण हातानं.

८. प्रत्यक्ष काम

नळी छोट्या ट्यूब कटरनं कापली असेल तर कड आत वळलेली असते, हॅक्सॉनं कापली असेल तर दातेरी. दोन्हीला आधी काउंटरसिंक. कंट्रोलर निम्म्यावर ठेवा, नळी सरळ समोरून टेकवा, दोन फेरे, बाजूला. बास. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा आहे. आतून पाव मिलिमीटरपेक्षा जास्त गेलात तर कड सुरीसारखी होते. बोटाचं टोक आतून हलकेच फिरवून बघण्याचा मोह होतो, तो आवरा. त्याऐवजी कापसाचा बोळा फिरवा, धागा अडकला तर बर आहे.

मग फ्लॅप व्हीलवर नळी थोडी तिरकी धरून स्वतःभोवती फिरवत न्या. आधी तोंडाची बाहेरची कड, मग सगळं अंग. पितळेची चमक जाऊन फिकट, दुधाळ रंग आला की पुरे.

शेवटी ब्रश. तो आधीच घेतला तर पुढच्या कामांचा कीस पुन्हा आत जातो. ब्रश नळीपेक्षा फार जाड असेल तर तो नळीला पकडतो आणि ती बोटांतून सुटून फिरायला लागते. यावर साधा उपाय म्हणजे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. त्याच्या तोंडात सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा आणि नळी त्यात धरा. ब्रशनं हिसका दिला तर नळी चिमट्यात घसरते, बोट वाचतं.

नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नळ्या कागदावर मांडायच्या. इपॉक्सी लावेपर्यंत बोट लावायचं नाही.

९. अंगावर काय नको

हातमोजे नकोत. फिरत्या हत्याराला मोज्याचा धागा सापडला तर मोज्यासकट बोट ओढलं जातं. ओढणी, पदर, मोकळे केस, सैल बाही, बांगड्या नकोत. मनगटावरचा देवळातला धागासुद्धा काम करताना काढून समईजवळ ठेवा. डोळ्यांना गॉगल हवाच, काउंटरसिंकचा कीस सुईसारखा बारीक असतो आणि उडतो. तोंडावर मास्क लावा. काही पितळात, विशेषतः लेथवर सहज कापल्या जाणाऱ्या दांड्यांत, तीन टक्क्यांच्या आसपास शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ काम करणाऱ्यांनी हे जास्त पाळायचं. मी खाली वर्तमानपत्र पसरते आणि काम संपलं की ते गुंडाळूनच उचलते. पोरं घरात असतील तर प्लग काढल्याशिवाय जागेवरून उठू नका.

१०. शेजारी आणि पावसाळा

मोटरचा आवाज फारसा नाही, पण चाळीची लाकडी जमीन तो खालच्या खोलीत पोचवते. पाटाखाली चार कोपऱ्यांना जुन्या योगा मॅटचे दुहेरी तुकडे चिकटवले आणि खालच्या काकूंची तक्रार थांबली. तरीही रात्री दहानंतर मी यंत्र लावत नाही.

जून आला की ब्राइट बारवर दोन दिवसांत तांबूस डाग येतात. आठवड्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा फिरवा, पण पट्ट्यांना तेल लागू देऊ नका. प्लाय दमट हवेत फुगतो आणि पट्टा एका बाजूला सरकू लागतो, म्हणून पाटाच्या कापलेल्या कडांना आधीच दोन हात पॉलिश मारून ठेवा. पावसाळा सरून हवा जरा कोरडी व्हायला लागली की, सगळे ग्रब स्क्रू एकदा आवळा आणि कपलर सोडून स्पिंडल पुन्हा हातानं फिरवून बघा. माझ्याकडे हे काम अजून अण्णाच करतात, चष्मा कपाळावर सरकवून, डोळे मिटून, दोन बोटांत स्पिंडल धरून.